सद्गुण शिकवता येतो का? प्लेटोच्या ‘मेनो’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तत्त्वज्ञान हौसेने वाचणारा माणूस कधी ना कधी ‘मेनो’पाशी येऊन थबकतो. संवाद छोटा आहे, भाषा साधी आहे, पण मन शिकतं कसं, चांगुलपणा म्हणजे काय, समाज तो पुढच्या पिढीच्या हाती कसा देतो आणि शाळेचा त्यात वाटा किती, असे चार प्रश्न त्यात एकमेकांत अडकलेले आहेत. वाचणाऱ्यांना पुन्हा पुन्हा पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरांत माझी मतं डोकावतात. ती पटलीच पाहिजेत असं नाही.

‘मेनो’ नेमकं काय आहे?

प्लेटोने लिहिलेला एक संवाद. बोलणारी माणसं चार: सॉक्रेटिस, थेसलीहून अथेन्सला आलेला मेनो नावाचा तरुण, मेनोचा एक गुलाम मुलगा आणि अ‍ॅनिटस नावाचा अथेन्सचा पुढारी. संवाद घडतो असं मानलं जातं ते वर्ष साधारण इ. स. पू. ४०२, म्हणजे सॉक्रेटिसच्या मृत्यूच्या तीनेक वर्षं आधीचं. प्लेटोने तो लिहिला सॉक्रेटिस गेल्यानंतर. हे लक्षात ठेवून वाचलं तर अ‍ॅनिटसच्या प्रवेशाला अंगावर काटा येतो, त्याबद्दल पुढे.

मेनो कोण होता?

श्रीमंत घरातला, देखणा, गॉर्जियस या नामांकित वक्त्याकडे शिकलेला. कोणत्याही प्रश्नाला झोकात उत्तर द्यायचं, ही गॉर्जियसकडची शिकवण. या संवादानंतर वर्षभरातच तो धाकट्या सायरसच्या पर्शियावरच्या मोहिमेत सेनानी म्हणून गेला आणि शत्रूच्या कैदेत मेला. त्याच मोहिमेवर असलेल्या झेनोफनने त्याचं वर्णन पैशाचा लोभी, मित्रांना फसवणारा असं केलं आहे. झेनोफनचा त्याच्यावर राग असावा, हे धरूनही चित्र काही बरं नाही. ‘सद्गुण शिकवता येतो का?’ हा प्रश्न प्लेटोने नेमका या माणसाच्या तोंडी घातला आहे. हा योगायोग नाही, असं मला वाटतं.

सॉक्रेटिस सरळ उत्तर का देत नाही?

मेनो आल्या आल्या विचारतो, की सद्गुण शिकवून येतो, सरावाने येतो, जन्मतः असतो की आणखी कुठल्या वाटेने येतो? नमस्कार-चमत्कार काही नाही. सॉक्रेटिस म्हणतो, शिकवता येतो की नाही हे राहू दे, सद्गुण म्हणजे काय हेच मला ठाऊक नाही.

मेनोला हे फार सोपं वाटतं. तो यादी देतो: पुरुषाचा सद्गुण राज्यकारभार नीट चालवण्यात, बाईचा घर सांभाळण्यात, मुलाचा वेगळा, म्हाताऱ्याचा वेगळा. सॉक्रेटिस म्हणतो, मी एक मागितला आणि तू मधमाश्यांचं मोहोळच आणून ठेवलंस. माश्या निरनिराळ्या असतील, पण माशी म्हणून त्यांच्यात एकसारखं काय आहे ते सांग. मेनो मग ‘माणसांवर सत्ता गाजवता येणं’ अशी व्याख्या करून पाहतो, ती पडते. ‘चांगल्या गोष्टींची इच्छा आणि त्या मिळवण्याची ताकद’ हीही पडते, कारण त्या न्यायाने मिळवल्या की अन्यायाने, हे विचारावंच लागतं. न्याय हा तर सद्गुणाचाच एक भाग. म्हणजे गाडी पुन्हा मूळ जागी.

काहींना ही टाळाटाळ वाटते. पण एखाद्या औषधाचा डोस विचारणाऱ्याला आधी आजार कोणता हे विचारावंच लागतं.

‘जे माहीतच नाही ते शोधणार कसं?’ हा नुसता शब्दच्छल नाही का?

मेनोने तो शब्दच्छल म्हणूनच वापरलाय. पण प्रश्न खोटा नाही.

तो वैतागून सॉक्रेटिसला म्हणतो, तू त्या विजेच्या माशासारखा आहेस, जवळ येईल त्याला बधिर करतोस. सद्गुणावर मी आजवर ढीगभर भाषणं केली, आणि आता तोंडातून शब्द फुटत नाही. मग तो आपली ढाल पुढे करतो. सद्गुण म्हणजे काय हे तुला ठाऊकच नाही, तर तो शोधणार कसा? आणि चुकून समोर आलाच, तर हाच तो, हे ओळखणार कसं?

यातला पेच खरा आहे. पूर्ण माहीत असेल तर शोधायची गरज नाही, अजिबात माहीत नसेल तर शोधाला सुरुवातच होत नाही. मग शिकणं या दोहोंच्या मधल्या कुठल्यातरी अवस्थेतच होत असणार. अर्धवट कळलेलं असणं, काहीतरी चुकतंय एवढंच जाणवणं, ही मनाची कसली अवस्था आहे? वर्गात ‘शंका विचारा’ म्हटल्यावर सगळे गप्प बसतात, त्याचं एक कारण इथेच आहे. शंका विचारण्यासाठीसुद्धा थोडं आधी कळलेलं असावं लागतं.

गुलाम मुलाचा तो प्रसिद्ध प्रयोग काय आहे?

पेचाला उत्तर म्हणून सॉक्रेटिस मेनोच्या नोकरांपैकी एका मुलाला बोलावतो. अट एवढीच की त्याला ग्रीक बोलता यावं. भूमिती तो कधी शिकलेला नाही.

सॉक्रेटिस मातीत एक चौरस काढतो. बाजू २ फूट, म्हणजे क्षेत्रफळ ४ चौरस फूट. याच्या दुप्पट, म्हणजे ८ चौरस फुटांच्या चौरसाची बाजू केवढी? मुलगा ठामपणे सांगतो: बाजू दुप्पट करा, ४ फूट. काढून पाहतात तर क्षेत्रफळ १६. मग तो म्हणतो ३ फूट. ते भरतं ९. आता मुलगा कबूल करतो की त्याला माहीत नाही.

सॉक्रेटिस इथे थांबतो आणि मेनोकडे वळतो. माझ्या मते सगळ्या संवादातली ही सर्वांत मोलाची जागा. तो विचारतो, मघाशी हा न कळताच खात्रीने बोलत होता, आता गोंधळलाय. याचं नुकसान झालं का? बधिर झाला म्हणून काही बिघडलं का? उलट आता कुठे तो शोधायला तयार झाला. मेनो हो म्हणतो. आपल्याबद्दलच बोलणं चाललंय, हे त्याच्या ध्यानात आलं की नाही, ते प्लेटो सांगत नाही.

पुढे सॉक्रेटिस तसेच चार चौरस जोडतो आणि प्रत्येकाचा एक एक कर्ण काढतो. प्रत्येक कर्ण आपल्या चौरसाचे दोन समान भाग करतो. हे चार कर्ण मिळून आत एक तिरका चौरस होतो. त्यात असे चार अर्धे भाग येतात, म्हणजे ८ चौरस फूट. उत्तर मिळालं: मूळ चौरसाचा कर्ण हीच नव्या चौरसाची बाजू. ही लांबी पूर्णांकात किंवा अपूर्णांकात सांगताच येत नाही. म्हणूनच सॉक्रेटिस मुलाला आधी सांगून ठेवतो, आकडा नको असेल तर नुसती रेघ दाखव.

जाता जाता: चौरसाच्या कर्णावरचा चौरस दुप्पट क्षेत्रफळाचा होतो, हे आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात सूत्ररूपाने सांगितलेलं आहे. तिथे काम होतं यज्ञवेदी मोजून बांधण्याचं. सूत्र पाठ करून वेदी बिनचूक बांधता येते. सॉक्रेटिसला वेदी बांधायची नव्हती, मुलाला ‘का’ कळतं की नाही ते पाहायचं होतं.

पण सॉक्रेटिसने तर मुलाच्या तोंडी उत्तर घातलं! याला शोध म्हणायचं?

हा आक्षेप जवळपास प्रत्येक वाचक घेतो, आणि तो बराचसा बरोबर आहे. कर्ण मुलाने काढलेला नाही, सॉक्रेटिसने काढला. बरेच प्रश्न ‘हो ना?’ या थाटाचे आहेत.

तरी दोन गोष्टी उरतात. मुलगा दोनदा चुकला तेव्हाही प्रश्न त्याच थाटाचे होते, आणि त्याने आपल्या बुद्धीने चुकीचं उत्तर दिलं. म्हणजे तो नुसती मान डोलवत नव्हता. दुसरं म्हणजे, आपली चूक त्याला त्याच्याच मोजणीतून दिसली. १६ म्हणजे ८ नव्हे, हे सॉक्रेटिसच्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य करावं लागलं नाही. गणिताचा चांगला शिक्षक असतो त्याला हा फरक सांगावा लागत नाही. आणि सॉक्रेटिसही या एका बैठकीवर समाधानी नाही: आत्ता मुलाची मतं स्वप्नासारखी जागी झालीत, हेच त्याला वेगवेगळ्या रीतींनी पुन्हा पुन्हा विचारलं तर त्याला खरं ज्ञान होईल, असं तो म्हणतो.

म्हणजे सॉक्रेटिस पुनर्जन्म मानत होता का?

तो म्हणतो की आत्मा अमर आहे, त्याने सगळं पूर्वी पाहिलेलं आहे, आणि शिकणं म्हणजे आठवणं. हे त्याने ‘जाणत्या पुजारी आणि पुजारिणींकडून ऐकलं’ म्हणून सांगितलं आहे. मराठी वाचकाला लगेच आपलं काहीतरी सापडल्यासारखं वाटतं, पण घाई करू नये. आपल्याकडच्या पुनर्जन्माच्या विचाराचा भार कर्मावर आहे, इथला भार शिकण्यावर. शिवाय सॉक्रेटिस स्वतःच पुढे सांगतो की बाकी तपशिलाची मी हमी देत नाही. मात्र शोधलं पाहिजे असं मानल्याने आपण जास्त चांगले, जास्त धीराचे आणि कमी आळशी होतो, एवढ्यासाठी मी हवं तितकं भांडेन. पूर्वजन्म सोडून दिला तरी हे शेवटचं वाक्य जागचं हलत नाही.

गुलामालाही भूमिती कळते, मग गुलामगिरीचं काय?

प्लेटो हा प्रश्न विचारत नाही. पोरगा उत्तर देतो आणि संवादातून नाहीसा होतो. त्याचं नावसुद्धा नाही. ज्या बैठकीत सिद्ध झालं की त्याची बुद्धी मालकाच्या बुद्धीइतकीच चालते (खरं तर जास्त, कारण मेनोला ‘मला माहीत नाही’ म्हणायला बराच वेळ लागला), त्याच बैठकीनंतर तो मेनोची कामं करायला परत गेला असणार.

पुराव्यावरून समाजाबद्दलचा निष्कर्ष काढायला वेगळी हिंमत लागते. आपल्याकडे ती जोतीराव फुल्यांनी दाखवली. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सरकार रयतेच्या पैशातून वरच्या वर्गाला शिकवतं आणि ज्ञान आपोआप खाली झिरपेल असं धरून चालतं, यावर त्यांचा रोख होता. झिरपत नाही, हे त्यांना दिसत होतं.

मग शेवटी सद्गुण शिकवता येतो की नाही?

संवादात दोन्ही उत्तरं येतात.

पहिला युक्तिवाद असा. धन, आरोग्य, धाडस, सगळं हाताळायला अक्कल लागते. अक्कल नसेल तर धाडससुद्धा घात करतं. तेव्हा सद्गुण हे एक प्रकारचं ज्ञान असलं पाहिजे, आणि ज्ञान असेल तर ते शिकवता येणार.

लगेच दुसरा. शिकवता येत असेल तर त्याचे शिक्षक कुठे आहेत? मोठ्या माणसांची मुलं बघा. थेमिस्टोक्लीसने मुलाला असा घोडेस्वार केला की तो धावत्या घोड्यावर उभा राहून भाला फेकायचा. पण बापाचा शहाणपणा त्याच्यात आला असं कोणी म्हणालं नाही. पेरिक्लीसने दोन्ही मुलांना घोडेस्वारी, संगीत, व्यायाम सगळं उत्तम शिकवलं, सद्गुण मात्र नाही. बापांनी मुद्दाम हातचं राखलं असेल का? नक्कीच नाही. तेव्हा शिकवता येत नसावा.

शेवटी सॉक्रेटिस म्हणतो की सद्गुण ज्याला लाभतो त्याला तो दैवी देणगीसारखा लाभत असावा, पण आधी तो म्हणजे काय हे शोधल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. मला हा निष्कर्ष अर्धा उपरोधाचा वाटतो. अथेन्सचे पुढारी देवकृपेने बरोबर वागतात, म्हणजेच आपण काय करतोय हे त्यांना कळत नाही, असा त्याचा अर्थ होतो. ही स्तुती नव्हे.

अ‍ॅनिटस इतका का चिडतो?

कारण त्याचं उत्तर सरळ आहे: सद्गुण कोणीही भला अथेन्सकर शिकवेल. त्या भल्या माणसांनी तो आपल्या आधीच्या भल्या माणसांकडून घेतला. पैसे घेऊन शिकवणाऱ्या सोफिस्टांच्या तो जिवावर उठलेला आहे, मात्र त्यांच्यापैकी एकाशीही कधी गाठ पडलेली नाही, हे तो अभिमानाने सांगतो. सॉक्रेटिस थोरांच्या मुलांची उदाहरणं काढतो तसं त्याला ते थोरांची बदनामी वाटतं. लोकांबद्दल वाईट बोलणं तुला फार सोपं जातं, जरा जपून राहा, असा इशारा देऊन तो गप्प होतो.

इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला भरणाऱ्या तिघांत हाच अ‍ॅनिटस होता. आरोप: शहराचे देव न मानणं, नवी दैवतं आणणं, तरुणांना बिघडवणं. अ‍ॅनिटसला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण तीस जुलमी सत्ताधाऱ्यांना उलथून इ. स. पू. ४०३ मध्ये लोकशाही परत आणणाऱ्यांत तो होता, आणि त्या तिसांतला क्रिटियस सॉक्रेटिसच्या जुन्या बैठकीतला. ‘तू शिकवलेली पोरं काय झाली ते बघ,’ असं म्हणायला त्याच्याकडे कारण होतं. गंमत अशी, की थोरांच्या मुलांवरून सॉक्रेटिसने केलेला युक्तिवाद खुद्द सॉक्रेटिसवर उलटवता येतो.

सोफिस्टांची बाजू काय?

प्रोटॅगोरस हा त्यांच्यातला सर्वांत दमदार. चाळीस वर्षं शिकवून त्याने शिल्पकार फिडियस आणि आणखी दहा शिल्पकारांच्या एकत्र कमाईपेक्षा जास्त पैसा मिळवला, असं ‘मेनो’तच येतं. त्याच्या नावाच्या दुसऱ्या संवादात तो सॉक्रेटिसच्या प्रश्नाला मला फार पटलेलं उत्तर देतो. सद्गुणाचा शिक्षक सापडत नाही कारण सगळेच शिक्षक आहेत. मुलाला ग्रीक कोणी शिकवलं, असं विचारलंत तर एका माणसाचं नाव सांगता येईल का? आई, दाई, बाप, शेजारी, शाळामास्तर, कायदा, सगळे मिळून शिकवतात. आणि थोराचं पोर सामान्य निघतं, कारण सगळ्यांनाच शिकवणी मिळत असेल तर फरक पडतो तो मुळातल्या कुवतीचा.

‘कळतं पण वळत नाही’ याचं काय?

सॉक्रेटिस हे मानायलाच तयार नाही. जाणूनबुजून कोणी वाईट करत नाही, वळलं नाही म्हणजे कळलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. रात्री बारा वाजता फोन खाली न ठेवणाऱ्या कुणालाही हे पटणं कठीण. ‘धर्म मी जाणतो, पण माझी तिकडे प्रवृत्ती होत नाही’ या अर्थाचं, दुर्योधनाच्या तोंडी घातलेलं वचन आपल्याकडे कीर्तनांतून ऐकू येतं, ते नेमकं या मताच्या विरुद्ध टोकाला आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने इथे गुरूची वाट सोडली. प्लेटोच्या अकादमीत तो सतराव्या वर्षी आला आणि वीस वर्षं राहिला, पण नीतिशास्त्रात त्याने सद्गुणांचे दोन गट केले. बुद्धीचे गुण शिकवण्याने येतात, स्वभावाचे गुण सवयीने. वीणा वाजवूनच वीणावादक होतो, तसं न्यायाने वागूनच माणूस न्यायी होतो. ज्याला आधी चांगलं वळण लागलेलं नाही त्याच्यावर व्याख्यानाचा उपयोग नाही, असं तो स्पष्ट सांगतो. माझा कल अ‍ॅरिस्टॉटलकडे आहे. अडचण एकच: सवय लावणारा कोण आणि ती सवय चांगली हे ठरवलं कोणी? अ‍ॅनिटसलाही उत्तम सवयी होत्या.

शाळेतल्या मूल्यशिक्षणाचा उपयोग होतो का?

महाराष्ट्रातल्या शाळांतून शिकलेल्यांना ती दहा मूल्यं आठवत असतील: राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. यादी वाईट नाही. पण ती मेनोची यादी आहे, माश्यांचं मोहोळ. नीटनेटकेपणा आणि स्त्री-पुरुष समानता एका तक्त्यावर शेजारी शेजारी लिहिली की दोन्हींचं वजन सारखं दिसायला लागतं. दोन मूल्यांचं भांडण लागलं तर काय करायचं, हे तक्ता सांगत नाही.

अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हजारो मुलांना फसवणुकीची, खोटं बोलण्याची संधी देऊन पाहिलं. एका प्रसंगी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसऱ्या प्रसंगी तसंच राहील याची खात्री नव्हती, आणि नीतिपाठ घेतल्याने वागण्यात फारसा फरक दिसला नाही. यावरून लगेच ‘संस्कार निरुपयोगी’ असं म्हणू नये. एवढंच दिसतं की प्रामाणिकपणाचा धडा ऐकणं आणि उत्तरपत्रिका स्वतः तपासायला मिळाल्यावर खाडाखोड न करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परिपाठात सुविचार वाचून मूल्यशिक्षणाचा रकाना भरणाऱ्या शाळा यातली फक्त पहिली गोष्ट करतात. वर्गात ‘मला माहीत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला शिक्षक हसतात की थांबून त्याच्याबरोबर चौरस काढतात, यातून मुलं जास्त शिकत असावीत.

बरोबर उत्तर आलं, मग ते का बरोबर हे कळलं नाही तर काय बिघडलं?

सॉक्रेटिस म्हणतो, तसं काहीच बिघडत नाही. लारिसा या गावाचा रस्ता स्वतः चाललेला आणि कधी न जाता योग्य अंदाज बांधणारा, दोघेही तुम्हाला लारिसालाच नेतील. फरक पडतो तो टिकण्यात. योग्य मतं म्हणजे डीडालस या दंतकथेतल्या कारागिराच्या पुतळ्यांसारखी: बांधून ठेवली नाहीत तर पळून जातात. कारण समजणं हा तो दोर. गाईड पाठ करून दहावीला शंभरपैकी पंच्याण्णव मिळवलेल्यांना जूनपर्यंत पुतळे कुठे गेले ते चांगलं माहीत असतं.

वाचायला कुठून सुरुवात करावी?

थेट ‘मेनो’पासून. प्लेटोच्या सगळ्या आवृत्त्यांच्या समासात १५७८ च्या आवृत्तीचे पृष्ठांक दिलेले असतात. ‘मेनो’ ७० ते १०० या आकड्यांत बसतो, एका दुपारचं वाचन. ८२ पासून मुलाचा भाग सुरू होतो, तिथे कागद-पेन्सिल घेऊन चौरस स्वतः काढा, नुसतं वाचून तो डोक्यावरून जातो. त्यानंतर ‘प्रोटॅगोरस’, मग अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा दुसरा भाग. ‘रिपब्लिक’ला लगेच हात घालू नका, ते मोठं आहे आणि बरेच जण पहिल्याच भागात अडकून पुस्तक मिटून ठेवतात. वाचताना सोबत एखादा वाद घालणारा मित्र असला तर उत्तम. सगळ्यालाच ‘बरोबर आहे’ म्हणणारा असेल तर एकट्याने वाचलेलं बरं.